धाकट्यांच्या हाती इंटरनेट



रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लागला, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. त्या निमित्ताने जवळच्या एका प्राथमिक शाळेत प्रयोग दाखवायला मी दरवर्षी जातो. मागे एकदा चुंबकाचे प्रयोग आटोपल्यावर चौथीच्या वर्गात थोडा वेळ उरला. मी विचारले, "घरी मोबाइल कोण कोण वापरतं?" अडतीसच्या अडतीस हात वर झाले. "मोबाइलवर अनोळखी माणसाने नाव, पत्ता, फोन नंबर विचारला तर सांगायचा का?" "नाऽऽही!" सारा वर्ग एका सुरात ओरडला. बाईंनी हे शिकवले होते आणि मुलांनी ते पाठही केले होते.

मग मी पिशवीतून लहान लहान चुंबकांची डबी काढली आणि म्हणालो, "या चिठ्ठीवर आपले पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि आईचा किंवा बाबांचा मोबाइल नंबर जो लिहून देईल त्याला एक चुंबक." पाच मिनिटांत छत्तीस चिठ्ठ्या टेबलावर जमा झाल्या. उरलेल्या दोघांपैकी एकाला बाबांचा नंबर पाठ नव्हता. तो रडवेला होऊन शेजाऱ्याकडे पाहत होता. दुसरी एक मुलगी कोरी चिठ्ठी हातात धरून उभी होती. मी विचारले, "तुला चुंबक नको का?" ती म्हणाली, "हवंय. पण सर, बाबांचा नंबर तुम्हाला कशाला हवाय?"

अडतीस मुलांच्या वर्गात हा प्रश्न एकीलाच सुचला. मी सर्व चिठ्ठ्या मुलांच्या देखत फाडून टाकल्या, चुंबके मात्र सर्वांना वाटली आणि त्या मुलीला पुढे बोलावून तिचा प्रश्न पुन्हा मोठ्याने विचारायला लावला.

कोणी म्हणेल, तुम्ही काही अनोळखी नव्हता, बाईंनीच तुमची ओळख करून दिली होती. बरोबर आहे, पण नेमकी मेख तेथेच आहे. इंटरनेटवर फसवणारा माणूस 'मी अनोळखी आहे' अशी पाटी गळ्यात अडकवून येत नाही. तो खेळ होऊन येतो, बक्षीस होऊन येतो, 'सर' होऊन येतो, कधी तुमच्याच वयाचा मित्र होऊन येतो. तेव्हा 'अनोळखी माणसाला सांगू नका' हा नियम पाठ असूनही मूल फसते, कारण समोरचा अनोळखी आहे हे त्याला वाटतच नाही.

नियम पाठ असणे वेगळे आणि तो अंगी बाणणे वेगळे. न्यूटनचा पहिला नियम घडाघडा म्हणून दाखवणारा विद्यार्थीही एसटी सुटताना दांडी धरायला विसरतो आणि मागच्या माणसावर कलंडतो! इंटरनेटचेही तसेच आहे. म्हणून या लेखात नियमांची यादी देण्याऐवजी लहान मुलांकडून करून घेण्याजोगे पाच धडे द्यायचे योजले आहे. ते शिकवायचे आहेत तुम्ही, म्हणजे आठवी ते दहावीच्या ताई-दादांनी. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून घरातला मोबाइल धाकट्यांच्या हाती आला. तो त्यांना चालवायला शिकवला तो बहुधा तुम्हीच. तेव्हा तो जपून वापरायला शिकवण्याचे कामही तुमच्याकडेच येते. शिवाय मोठ्या माणसांपेक्षा ताई-दादाचे म्हणणे लहानांना लवकर पटते, हे शिक्षकांच्याही अनुभवास येत असेल.

आधी थोडे तारेविषयी

शिकवणाऱ्याला शिकणाऱ्यापेक्षा थोडे अधिक ठाऊक असावे लागते. म्हणून आधी इंटरनेटवर एखादे चित्र पाठवले म्हणजे नक्की काय होते ते पाहू.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील एका संगणकावरून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील दुसऱ्या संगणकाला पहिला निरोप धाडण्यात आला. शब्द होता 'लॉगिन'. त्याची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला! त्या दोन अक्षरांपासून आजचे इंटरनेट वाढत गेले. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले.

संगणक निरोप एकसंध पाठवत नाही. तो त्याचे तुकडे करतो. सामान्यतः एका तुकड्यात सुमारे १,५०० बाइट माहिती मावते. समजा तुम्ही ३० लाख बाइटचा एक फोटो पाठवला, तर त्याचे ३०,००,००० ÷ १,५०० = २,००० तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक असतो. वाटेतली राउटर नावाची यंत्रे पत्ता वाचून तुकडा पुढे ढकलतात, आणि पलीकडे अनुक्रमांक लावून चित्र पुन्हा जुळवले जाते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्रतळाच्या केबलमधून १०,००० किलोमीटर दूर जायला त्याला १०,००० ÷ २,००,००० = ०.०५ सेकंद पुरे. वाटेतल्या यंत्रांत थोडा वेळ जातो, तरीही 'अरे, चुकून पाठवला!' असे म्हणेपर्यंत फोटो केव्हाच पोहोचलेला असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. टपालाचे पत्र एकच असते; ते पाठवले की आपल्यापाशी राहत नाही. इंटरनेटवर मात्र वस्तू जात नाही, तिची प्रत जाते. एक प्रत तुमच्या मोबाइलमध्ये, एक कंपनीच्या संगणकात, एक घेणाऱ्याच्या मोबाइलमध्ये. आपली प्रत पुसली म्हणजे सगळ्या प्रती पुसल्या असे नव्हे. पेलाभर पाण्यात शाईचा थेंब टाका. काही वेळाने सारे पाणी निळसर होते. तो थेंब पुन्हा बोटाने वेचून काढता येत नाही. हा प्रयोग लहान मुलांसमोर जरूर करा. थेंब टाकण्याआधी बाटली हातात धरून विचारा, "टाकू का?" आणि सांगा, की विचार करायची वेळ ही आहे, थेंब पडल्यानंतरची नव्हे.

धडा पहिला : कशाला हवाय?

एक खेळ घ्या. तुम्ही दुकानदार व्हा, डॉक्टर व्हा, पोस्टमन व्हा, चित्र रंगवण्याचा एखादा मोबाइलवरचा खेळ व्हा. प्रत्येक पात्राने मुलांकडे काही माहिती मागायची आणि मुलांनी विचारायचे, "कशाला हवं?" डॉक्टरांना वय आणि वजन कशाला हवे? औषधाचे प्रमाण ठरवायला, पटते. पोस्टमनला पत्ता कशाला? पत्र द्यायला, पटते. पण चित्र रंगवण्याच्या खेळाला तुमच्या आईचा नंबर कशाला हवा? तुमची शाळा कोणती हे कशाला हवे? उत्तर पटले नाही, तर माहिती द्यायची नाही. पटले तरी मोठ्यांना विचारून द्यायची. वीस मिनिटांच्या या खेळात मुले इतकी तरबेज होतात, की घरी गेल्यावर आजोबांनाही 'कशाला हवं?' म्हणून भंडावून सोडतात. तेवढा त्रास घरच्यांनी सोसावा!

येथे फोटोविषयी वेगळे सांगितले पाहिजे. फोटो म्हणजे नुसता चेहरा नव्हे. मागे घराच्या दारावरची पाटी दिसते, गणवेशावर शाळेचे बोधचिन्ह असते. एवढेच नव्हे, तर मोबाइलची तशी मांडणी असेल तर फोटो काढल्याची वेळ आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश फोटोच्या आतच नोंदले जातात. ते किती बारकाईने, याचे गणित करू. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. तो ३६० अंशांत वाटला, तर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मग अंशाचा दहाहजारावा भाग, म्हणजे दशांश चिन्हानंतरचे चौथे स्थान, हे झाले सुमारे ११ मीटर. दशांशाचे चार अंक कळले की गावातले घर कळले! काही अॅप फोटो पाठवताना ही नोंद काढून टाकतात, सगळीच काढतात असे नाही. मोबाइलच्या मांडणीत जाऊन कॅमेऱ्याची स्थाननोंद बंद करता येते. आज घरी गेल्यावर ते करा.

धडा दुसरा : परवलीचा शब्द

दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना हा धडा फार आवडतो. रात्री गडाच्या दरवाजावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारी. शब्द बरोबर आला तर दिंडी दरवाजा उघडे. पासवर्ड म्हणजे हाच परवलीचा शब्द. वर्गात दोन मुलांना पहारेकरी करा, शब्द ठरवून द्या आणि बाकीच्यांना तो ओळखायला सांगा. पाहा, मुले प्रथम पहारेकऱ्याचे नाव म्हणतील, मग त्याच्या भावाचे, मग त्याच्या आवडत्या खेळाडूचे. चोरही अगदी असेच करतो.

मोठ्या मुलांनी मात्र थोडे गणितही करावे. चार अंकी पिनचे १०⁴ म्हणजे १०,००० प्रकार होतात. इंग्रजीच्या २६ लहान अक्षरांतून आठ अक्षरी शब्द केला, तर २६⁸ म्हणजे सुमारे २०९ अब्ज प्रकार होतात. समजा एखादे यंत्र सेकंदाला एक अब्ज शब्द तपासून पाहते. मग आठ अक्षरांचे सर्व प्रकार तपासायला त्याला २०९ सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटे लागतील. बारा अक्षरे केली तर २६¹² म्हणजे सुमारे ९.५ × १०¹⁶ प्रकार आणि वेळ सुमारे तीन वर्षे. सोळा अक्षरे केली तर सुमारे चौदा लाख वर्षे! चारच अक्षरे वाढवली की वेळ साडेचार लाखांहून अधिक पटीने वाढतो. अर्थात हे गणित अक्षरे कशीही, यदृच्छेने घेतलेली असतील तरच खरे. स्वतःचे नाव आणि पुढे जन्मसाल असा पासवर्ड कितीही लांब असला तरी फुकट. यंत्र नावांपासूनच सुरुवात करते. म्हणून एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडून घ्यावेत. लक्षात ठेवायला सोपे आणि ओळखायला कठीण.

आता ओटीपी पाहा. तो बहुधा सहा अंकी असतो, म्हणजे दहा लाख प्रकार. काही मिनिटांतच तो बाद होतो आणि चार-दोन वेळा चुकला की पुढे प्रयत्नच करता येत नाही. अंदाजाने तो ओळखण्याची शक्यता दहा लाखांत एक. मग चोर काय करतो? तो मोजत बसत नाही. तो सरळ विचारतो! "बाळ, बाबांच्या फोनवर सहा आकडे आले असतील, जरा वाचून दाखव." दहा लाख कुलुपांचे काम एका गोड आवाजाने होते. लहान मुलांना म्हणून एवढेच पक्के शिकवा : आलेले आकडे कोणालाही वाचून दाखवायचे नाहीत, मग तो बँकेचा माणूस म्हणो, पोलीस म्हणो की शाळेतून बोलतोय म्हणो.

याच्याच जोडीला दुसरे वाक्य : पैसे देताना पिन लागतो, घेताना लागत नाही. 'बक्षिसाचे पैसे घेण्यासाठी पिन टाका' असे कोणी म्हणाले, की तो पैसे देत नसून घेत आहे हे ओळखावे.

अलीकडे संगणकाला एखाद्याच्या आवाजाचा नमुना ऐकवला, तर तो हुबेहूब त्या आवाजात बोलू शकतो. तेव्हा आवाज ओळखीचा म्हणून माणूस ओळखीचा, असे आता म्हणता येत नाही. यावर उपाय जुनाच आहे. घरातल्या सर्वांनी मिळून एक परवलीचा शब्द ठरवावा. 'मी मामा बोलतोय, तातडीने पैसे पाठव' असा फोन आला, की शब्द विचारावा. खरा मामा रागावणार नाही.

धडा तिसरा : पाटी वाचायला शिका

बँक, शाळा, दुकान यांच्या संकेतस्थळाचा पत्ता वाचायची एक खुबी आहे. २०१४ पासून देवनागरी लिपीत '.भारत' असा शेवट असलेले पत्तेही मिळू लागले, म्हणून आपण उदाहरणे देवनागरीतच घेऊ. ही केवळ समजण्यासाठी घेतलेली आहेत.

'निकाल.शाळा.भारत' आणि 'शाळा.निकाल-बक्षीस.भारत' हे दोन पत्ते पाहा. दोन्हींत शाळा आहे, निकाल आहे. मग घर कोणाचे? पत्ता शेवटाकडून वाचा. आडवी तिरपी रेघ असेल तर तिच्या आधी थांबा आणि तेथून मागे या. पहिल्यात शेवटी 'शाळा.भारत' आहे, म्हणजे घर शाळेचे. दुसऱ्यात शेवटी 'निकाल-बक्षीस.भारत' आहे. हे घर कोणा बक्षीसवाल्याचे असून त्याने आपल्या एका खोलीला 'शाळा' असे नाव दिले आहे. खोलीला काहीही नाव देता येते! टपालाच्या पत्त्यातही आपण गाव आणि जिल्हा शेवटीच पाहतो, तसेच हे आहे.

पत्त्याच्या शेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाविषयीही एक गैरसमज आहे. कुलूप आहे म्हणजे वाटेत कोणाला तुमचा मजकूर वाचता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाकीट नीट चिकटवलेले आहे. पण ते ज्याला पाठवले तो प्रामाणिक आहे की नाही, हे पाकीट कसे सांगणार? चोराच्या संकेतस्थळालाही कुलूप असू शकते.

चिमुकल्यांना एवढे सगळे सांगू नये. त्यांच्यासाठी नियम सोपा : कोणी धाडलेल्या दुव्यावर स्वतः बोट ठेवायचे नाही, मोठ्यांना दाखवायचे. पाटी वाचण्याचे काम मोठ्यांचे.

धडा चौथा : साखळी तोडा

'हा निरोप पाच जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल.' तुमच्या आजीच्या लहानपणी अशी पोस्टकार्डे येत. आता ती मोबाइलवर येतात. एकाने पाच जणांना पाठवले, त्या प्रत्येकाने आणखी पाच नव्या जणांना, तर दहाव्या पायरीला ५¹⁰ म्हणजे ९७,६५,६२५ लोकांना निरोप मिळेल. तेराव्या पायरीला ही संख्या १२२ कोटींवर जाते. २०११ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १२१ कोटी होती, हे लक्षात घ्या! मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या खोट्या अफवा अशाच पसरल्या आणि २०१८ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत निरपराध माणसांचे जीव गेले. त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाच ठिकाणांहून अधिक निरोप पुढे धाडता येणार नाहीत, अशी मर्यादा घातली.

भौतिकशास्त्रात याला जोड सापडते. युरेनियमच्या एका अणूचे विभाजन झाले की न्यूट्रॉन बाहेर पडतात, ते दुसऱ्या अणूंचे विभाजन करतात आणि साखळी चालू होते. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे एन्रिको फर्मी यांनी ही साखळी ताब्यात ठेवून चालवून दाखवली. ताबा ठेवायला कॅडमियम वापरले होते, कारण कॅडमियम न्यूट्रॉन गिळून टाकते. अफवेचेही असेच आहे. निरोप मिळालेल्या दर दहा जणांपैकी एकानेच तो पाच जणांना पाठवला, तर गुणक होतो ५ × १/१० = १/२. मग १,००० जणांनंतर ५००, २५०, १२५ असे होत होत साखळी आपोआप विझते. दर पाचांतल्या एकाने पाठवला तर गुणक १, साखळी जळतच राहते. पाचांतला प्रत्येक जण कॅडमियम व्हायला पाहिजे असेही नाही. चारांपेक्षा थोडे अधिक झाले तरी पुरते. धाकट्यांना सांगा : खरे आहे का हे विचारल्याशिवाय पुढे पाठवायचे नाही, आणि कोणाची टर उडवणारे चित्र आले तर ते आपल्यापाशीच थांबवायचे. टर उडवली जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही साखळी कशी दिसत असेल, यावर वर्गात बोलणे घडवून आणा.

धडा पाचवा : सांगा, रागावणार नाही

हा धडा शेवटी ठेवला असला तरी तो सर्वांत मोठा आहे. माझ्या परिचयाच्या एका घरातली हकीगत सांगतो. सहावीतला मुलगा वडिलांच्या मोबाइलवर खेळ खेळत होता. खेळात फुकट नाणी मिळतील, फक्त आलेला आकडा कळव, असा निरोप आला. त्याने कळवला. वडिलांच्या खात्यातून अठरा हजार रुपये गेले. मुलाने घाबरून बँकेचा निरोप पुसून टाकला आणि चार दिवस कोणाला काही सांगितले नाही. धड जेवला नाही, रात्री दचकून उठत होता. वडील पैसे काढायला गेले तेव्हा सारे उघडकीस आले. तक्रार केली, पण पैसे तोवर पुष्कळ पुढे निघून गेले होते. वडील मला म्हणाले, "सर, पैशाचं दुःख आहेच. पण पोरगं चार दिवस माझ्या शेजारी बसून जेवत होतं आणि मला सांगायला घाबरत होतं, हे जास्त लागलं."

त्या घरात चूक कोणाची? मुलाची होतीच, पण 'मोबाइलला हात लावलास तर तंगडं मोडीन' ही त्या घरातली नेहमीची धमकी होती. धमकीने मुलाने मोबाइल सोडला नाही. त्याने सांगणे सोडले.

येथे वेळेला फार किंमत आहे. पैसे चोरीस गेल्यावर ते एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात सरकत असतात. लगेच कळवले तर वाटेत ते रोखून धरता येण्याची शक्यता असते. त्यासाठी देशभर १९३० हा मदतीचा फोन क्रमांक आहे. तेथे आणि बँकेला ताबडतोब कळवावे. बालकांना कोणत्याही संकटात मदत मागण्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

पैशांहून मोठे संकटही असते. कोणी गोड बोलून मैत्री करतो, मग फोटो मागतो, आणि म्हणतो, "हे आपलं गुपित, आईला सांगू नकोस." लहान मुलांना 'गंमत' आणि 'गुपित' यांतला फरक शिकवा. आईच्या वाढदिवसाला आणलेली भेट आपण लपवून ठेवतो, ती गंमत. ती उघड व्हायचा दिवस ठरलेला असतो आणि त्या दिवशी सगळे हसतात. जे कधीच सांगायचे नसते आणि ज्याने पोटात गोळा येतो, ते वाईट गुपित. ते त्याच दिवशी सांगायचे. आई-बाबांना सांगता आले नाही तर बाईंना, ताईला, आजीला. लहान मुलांशी असे वागणाऱ्याला शिक्षा व्हावी यासाठी २०१२ साली वेगळा कायदा झालेला आहे. तेथे गुन्हेगार तो माणूस असतो, मूल नव्हे. मुलाच्या मनावर हे पुन्हा पुन्हा बिंबवले पाहिजे, कारण तो माणूस नेमके उलटे सांगत असतो.

तुमच्या धाकट्या भावाने काही चूक कबूल केली, तर तुमचे पहिले वाक्य 'मी सांगितलं होतं ना!' हे नसावे. 'सांगितलंस ते बरं केलंस' हे असावे.

शिक्षकांसाठी दोन शब्द

आठवड्याला वीस मिनिटे याप्रमाणे पाच आठवड्यांत हे धडे होतात. त्यांना मोबाइल लागत नाही, वीज लागत नाही. कागद, खडू आणि शाईचा एक थेंब पुरतो. सहाव्या आठवड्यात चिठ्ठ्यांचा प्रयोग करून पाहावा. मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, पालकांना आधी कल्पना द्यावी, चिठ्ठ्या न वाचता तेथेच फाडाव्यात आणि चुंबक किंवा गोळी मात्र सर्वांना द्यावी. कोणी फसले म्हणून हसू नये. आपण मुलांची परीक्षा घेत नसून आपल्या शिकवण्याची घेत आहोत.

पालकसभेत आणखी एक गोष्ट सांगावी. पुष्कळ समाजमाध्यमांवर १३ वर्षांखालील मुलांना खाते उघडता येत नाही. या आकड्याचे मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यात आहे. त्या वयाखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करण्यावर त्याने बंधन घातले. भारताच्या संसदेने २०२३ साली केलेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात तर १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी असे म्हटले आहे. तिसरीतल्या मुलाचे वय मोठे दाखवून त्याला खाते उघडून देणारे पालक आपल्याच हाताने हे कुंपण मोडतात.

दुसऱ्या वर्षी विज्ञान दिनाला मी त्याच शाळेत गेलो. बाईंनी मधल्या काळात मुलांकडून 'कशाला हवं?' हा खेळ बराच करून घेतला होता. नव्या चौथीसमोर मी पुन्हा डबी काढली आणि चिठ्ठ्या वाटू लागलो. पहिल्या बाकावरून आवाज आला, "सर, कशाला हवंय?" मग दुसऱ्या बाकावरून, मग तिसऱ्या. चिठ्ठ्या तरीही अकरा आल्या. छत्तीसवरून अकरा! काम संपले नाही. पण दिशा बरोबर आहे, असे म्हणायला हरकत नाही. उरलेले अकरा तुमच्यावर सोपवतो.

स्वाध्याय

१. सहा अंकी पिनचे एकूण प्रकार किती? सेकंदाला एक अब्ज प्रकार तपासणाऱ्या यंत्राला ते सर्व तपासायला किती वेळ लागेल? मग प्रत्यक्षात असा पिन सुरक्षित कशामुळे राहतो?

२. अक्षांश दशांश चिन्हानंतर दोनच स्थानांपर्यंत दिला, तर जागा किती किलोमीटरपर्यंत कळेल? त्यावरून तुमचे घर सापडेल की फक्त तुमचे गाव?

३. एक निरोप १,००० जणांना मिळाला. दर वीस जणांपैकी एकाने तो पाच नव्या जणांना पाठवला, तर गुणक किती? कितव्या पायरीला नव्याने निरोप मिळणाऱ्यांची संख्या दहाच्या खाली येईल?

४. तुमच्या घरातील मोबाइलवरचा एखादा खेळ किंवा अॅप निवडा. तो कॅमेरा, ध्वनिग्राहक, ठिकाण, नावांची यादी यांपैकी कशाकशाची परवानगी मागतो ते पाहा आणि प्रत्येकापुढे 'कशाला हवं?' याचे उत्तर लिहा. उत्तर सापडले नाही, तर घरच्यांना विचारून ती परवानगी काढून टाका.